बाही काढायची वेळ

शस्त्रक्रियेनंतर सोळाव्या दिवशी सकाळी हेमांगी वाकचौरेने स्वतःची वेणी स्वतः घातली. डावा हात कोपरात वाकला, बोटांनी पेड धरले आणि कुठेही कळ आली नाही. हात डोक्यापर्यंत नेण्याऐवजी ती मानच हाताकडे झुकवत होती, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. तिचा नवरा अभिजित दारात उभा राहून बघत होता.

"अगं, टाके परवा काढलेत," तो म्हणाला.

"हो ना. पण हाताला त्याचा पत्ताच नाही."

तिच्या मनगटापासून दंडापर्यंत राखाडी रंगाची पातळ बाही होती. दिसायला क्रिकेटवाले घालतात तशी, फक्त आतल्या बाजूला केसाएवढ्या बारीक तारांची जाळी. बाहीवरून एक पट्टी खांद्यावर जाऊन मानेच्या मुळाशी चिकटली होती. कंपनीने तिचं नाव 'निःशूल' ठेवलं होतं, पण गावोगाव तिला सगळे नुसतं बाहीच म्हणत. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जातो तो अतिशय बारीक मज्जातंतूंमधून, स्पर्शाचा आणि हालचालीचा जातो जाड तंतूंमधून. बाही विजेच्या सौम्य लहरी सोडून बारीक तंतूंचा निरोप तेवढा वाटेत अडवायची. हाताला स्पर्श कळे, दाब कळे, हातातला चमचा कळे. दुखणं मात्र कळत नसे.

हेमांगी जनावरांची डॉक्टर होती. नांदूरपाट आणि आसपासच्या चौदा गावांत गेली एकवीस वर्षं गायी-म्हशी तपासत आली होती. गाय गाभण आहे की नाही ते सांगणारी यंत्रं आता प्रत्येक गोठ्यात आली होती. तरी अडलेल्या जनावराला हात घालून बघितल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात असाच तिचा डावा हात एका कालवडीत खांद्यापर्यंत गेलेला असताना ती कालवड बिथरली आणि जनावर अडकवायच्या खोड्यातच आडवी बसली. हात आत आणि कोपर लोखंडी दांडीवर. काडकन आवाज आला तो तिलाही ऐकू आला. कोपराच्या टोकाचे तीन तुकडे झाले होते. जिल्ह्याच्या इस्पितळात पट्टी आणि तारा घालून ते जोडले आणि चौथ्या दिवशी बाही चढवून तिला घरी पाठवलं.

बाही कशी वापरायची ते आणि व्यायाम शिकवायला होत्या रूथ साळवे. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे त्यांचं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. पन्नाशीच्या, बोलायला स्पष्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी हेमांगीच्या हातात एक वही ठेवली.

"मॅडम, ही बाही व्यायामापुरती. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. बाकी वेळ हात उघडा ठेवायचा. आणि उघडा असताना कुठे दुखतं, दहापैकी किती दुखतं, ते या वहीत लिहायचं."

"म्हणजे दुखवून घ्यायचं?"

"थोडं. तुम्हाला ते नको असेल, पण मला हवंय. त्याशिवाय तुमच्या हातात काय चाललंय ते मला कळणार कसं?"

पहिले तीन दिवस हेमांगीने प्रामाणिकपणे केलं. बाही काढली की दहा मिनिटांत कोपरात कोणीतरी पाचर ठोकतंय असं वाटे. ठणका दंडातून वर खांद्याकडे चढे आणि घड्याळाचा काटा हलेनासा होई. चौथ्या दिवशी तिने बाही काढलीच नाही. पाचव्या दिवशी अंघोळीपुरती काढली. वहीत आकडे लिहायचे होते, ते तिने मनाने लिहिले. कोपर सहा, खांदा दोन. मग कोपर पाच, खांदा दोन. बरा होत जाणारा रोगी कागदावर कसा दिसतो, हे तिला एकवीस वर्षांच्या अनुभवाने चांगलं माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात समीर भणगे घरी आला. बाही बनवणाऱ्या कंपनीचा तो या भागातला माणूस. तरतरीत, मोजकं बोलणारा. त्याने टेबलावर एक रुंद पट्टा ठेवला.

"गायींसाठी," तो म्हणाला. "तंत्र तुमच्या बाहीचंच. लंगडणाऱ्या जनावराच्या पायाला बांधायचा. अकरा गायींवर बघायचंय. तुमची देखरेख हवी."

हेमांगीने पट्टा उलटसुलट करून पाहिला. लंगडी गाय चारा टाकते, दूध आटवते. दुखण्यावर इंजेक्शन दिलं तर औषध दुधात उतरतं, म्हणून चार दिवसांचं दूध ओतून द्यावं लागतं. त्यामुळे बहुतेक जण इंजेक्शन नकोच म्हणतात आणि जनावर महिनाभर तीन पायांवर उभं राहतं. हे बघत तिची अर्धी नोकरी गेली होती. या पट्ट्यात औषधच नव्हतं.

"जखमेवर उपचार नेहमीसारखेच चालू राहतील ना?" तिने विचारलं.

"अर्थात. हा फक्त दुखणं थांबवणार."

तिने सही केली. पहिला पट्टा बांधला तो भागवतमामा औताड्यांच्या सखूला. सखू सोळा लिटरची संकरित गाय, मागच्या उजव्या खुरात जखम झालेली. मामांनी पाय धरला, हेमांगीने एका हाताने खूर साफ करून औषध भरलं, वर पट्टा बांधला. दहा मिनिटांत सखू चारही पाय टेकून गव्हाणीकडे गेली. भागवतमामांनी फेटा काढून डोकं पुसलं. "मॅडम, ही तर जादूच झाली!" त्यानंतर हेमांगी फोनवरच विचारपूस करायची. हात अजून गळ्यात होता, वस्तीवर जायला रस्ता धड नव्हता. फोनवर मामा म्हणायचे, "एकदम झकास. चालते, खाते, दूधही पहिल्यासारखं."

सहावा आठवडा संपला त्या दिवशी हेमांगी वही घेऊन पहिल्या तपासणीसाठी रूथताईंच्या केंद्रात गेली. कोपर सरळ होत होतं, वाकत होतं. क्ष-किरण चित्रात हाड छान जुळलेलं दिसत होतं. पुढच्या सोमवारपासून कामावर जायचं तिने ठरवूनही टाकलं होतं.

रूथताईंनी तिला आरशासमोर उभं केलं. "हात बाजूने वर घ्या."

हेमांगीने घेतला. आरशात तिला दिसलं की हाताआधी खांदाच वर येतोय, कानाला टेकतोय. मान उजवीकडे कलली होती, कंबर वाकडी झाली होती आणि एवढं करून हात जेमतेम छातीपर्यंत पोचला होता. रूथताई मागे गेल्या, त्यांनी तिचं खांद्याचं पातं तळहाताने दाबून धरलं. "आता घ्या."

हात कमरेच्या थोडा वर आला आणि थांबला. गंजलेल्या बिजागरीचं दार थांबतं तसा. दुखलं काहीच नाही. नुसता थांबला.

"हे कधीपासून?" रूथताईंनी विचारलं.

"मला... नाही कळलं."

"वही बघू."

वही चाळून त्यांनी मिटली. शेवटच्या पानापर्यंत खांदा दोन, खांदा दोन, खांदा एक.

"मी मनानं लिहिलं," हेमांगी म्हणाली. आपल्याच आवाजाची तिला लाज वाटली. कितीतरी शेतकऱ्यांना तिने याच कारणासाठी झापलं होतं.

रूथताई चिडल्या नाहीत. समोर स्टूल ओढून बसल्या. "कोपराला जपायचं म्हणून तुम्ही हात अंगाशी चिकटवून धरला. वर न्यायची वेळ आली की मानेनं आणि पाठीनं उचलला. खांद्याचा सांधा वापरलाच नाहीत, म्हणून त्याच्याभोवतीचं आवरण आकसत गेलं. खांदा गोठतोय तुमचा. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं बोंब मारली असणार, पण ती वाटेतच अडवली गेली. काढा ती बाही."

पहिली एक-दोन मिनिटं काही झालं नाही. मग कोपर जागं झालं, पण तिला वाटलं होतं तेवढं नाही. त्यामागून खांदा आला. सांध्याच्या आत खोलवर, दात ठणकावा तसा ठणका. तो मानेत चढला, पाठीच्या पात्याखाली उतरला, दंडाच्या बाहेरून बोटांपर्यंत गेला. हेमांगीने स्टुलाची कड धरली. तिच्या कपाळावर घाम आला. तीन आठवडे हे सगळं तिच्याच अंगात होतं आणि ती वेण्या घालत बसली होती.

"आता ऐका," रूथताई म्हणाल्या. त्यांनी टेबलापाशी तिला ओणवं उभं केलं, उजवा हात टेबलावर, डावा खाली मोकळा सोडलेला. "लंबकासारखा हलू द्या. तुम्ही हलवू नका, अंग झुलवा, हात आपोआप हलेल. असं दिवसातून पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, खांदा कानाकडे न नेता. झोपताना दंडाखाली उशी, म्हणजे हात मागे लोंबणार नाही. व्यायामानंतर बर्फाची पिशवी, पंधरा मिनिटं. गोळी व्यायामाच्या आधी अर्धा तास, दुखणं असह्य झाल्यावर नाही. बाही दिवसातून एकदाच, अवघड ताणाच्या वेळी, आणि तीही माझ्यासमोर."

"आणि किती दुखलं म्हणजे थांबायचं?"

"व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात बसलं तर ठीक. दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलं तर आपण जास्त केलं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं. खांदा आपणहून सांगतो, मॅडम. त्याच्याशी रोज बोलावं लागतं एवढंच. तीन-चार महिने लागतील."

परतताना अभिजित गाडी चालवत होता. हेमांगी हात मांडीवरच्या उशीवर ठेवून बसली होती. नांदूरपाटचा फाटा आला तेव्हा ती एकदम म्हणाली, "औताडे वस्तीकडे घे."

"आत्ता? घामेघूम झालीयस तू."

"घे. त्या अकरा गायींचे पट्टे मी बांधलेत."

सखू गोठ्यात रवंथ करत उभी होती, चारही पायांवर. भागवतमामा कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. हेमांगी वाकली आणि तिने पट्टा सोडला. तिघंही बघत राहिले. दीड-दोन मिनिटं गेली. मग सखूने रवंथ थांबवलं, मागचा उजवा पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून थरथरायला लागली. हेमांगीने खूर जवळून पाहिला. वास आला तेव्हाच तिला कळलं. चाकूचं टोक लावताच खुराचा तळ आत गेला. पू सांध्यापर्यंत पोचला होता.

"अहो, पण ही चालत होती!" भागवतमामांचा आवाज चिरकला. "खात होती, दूध देत होती. मला कसं कळावं, मॅडम?"

"तुम्हाला नाही कळणार, मामा. मी यायला हवं होतं."

गायीचा खूर दोन भागांचा असतो. एक भाग गेला तरी दुसऱ्यावर भार घेऊन ती वर्षानुवर्षं चालू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीने सखूच्या पायाच्या शिरेत भुलीचं औषध दिलं, पाय बधिर झाल्याची खात्री केली आणि खुराचा सडलेला भाग कापायला तारेची करवत काढली. ती ओढायला दोन हात लागतात, आणि तिच्यापाशी एकच होता. शेवटी एका टोकाला तिचा उजवा हात, दुसऱ्या टोकाला भागवतमामा, अशी तार चालली. तिचा डावा हात झोळीत होता आणि खांदा ठणकत होता.

"हिला आता कळत नाही ना?" मामांनी मध्येच विचारलं.

"नाही. पाय बधिर आहे."

"मग पट्ट्यानंही बधिरच केला होता की."

हेमांगी तार ओढता ओढता थांबली. "तेव्हा खुरात बघायला आपण कोणी नव्हतो, मामा. आता आहोत."

तिने त्या आठवड्यात उरलेल्या दहाही गायी तपासल्या. आठ खरोखर बऱ्या झाल्या होत्या, पट्ट्यामुळे त्यांचं चारा-पाणी सुटलं नव्हतं. दोघींची जखम आत पसरायला लागली होती, ती वेळेवर सापडली. हे सगळं तिने अहवालात जसंच्या तसं लिहिलं. समीर भणगेने अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"आठ बऱ्या झाल्या, हेही लिहिलंत. आभार," तो म्हणाला. "पुढच्या पट्ट्यात सोय करू. रोज दोन तास तो आपोआप बंद राहील. गाय लंगडली तर दिसेल."

"ते दोन तास गायीकडे बघायला कोण असेल?"

भणगेने अहवाल मिटला. "ते आमच्या हातात नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

डिसेंबरच्या मध्यात रूथताईंचा फोन आला. तोवर हेमांगीचा हात भिंतीवर चढत चढत डोळ्यांच्या रेषेपर्यंत पोचला होता. रोज सकाळी ती भिंतीवर पेन्सिलीने खूण करी, कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली.

"साखर कारखान्यानं ऊसतोडणी कामगारांसाठी दोनशे बाह्या घ्यायचं ठरवलंय," रूथताई म्हणाल्या. "मला मापं घ्यायला बोलावलंय. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी येऊन काय करू?"

"बोला. तुम्ही ती घालून बघितलीय."

दुपारी चारच्या सुमाराला त्या कारखान्यामागच्या माळावर पोचल्या. तोडणी यंत्रं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण लहान तुकड्यांच्या आणि नदीकाठच्या ओल्या रानांत ती चालत नसत. तिथे अजून माणसंच लागत. उसाच्या पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, रांग होती. टोळी नुकतीच फडातून परतली होती. कोणी चूल पेटवत होतं, कोणी हातपाय धूत होतं. भणगे एका खाटेवर बाह्यांचा नमुना घेऊन बसला होता. त्याने उठून दोघींना जागा करून दिली.

मापं द्यायला पहिली आली ती उषाबाई केदार. पस्तिशीची असावी. दहाव्या वर्षापासून आईबापांबरोबर बीडकडून या भागात येत होती. रूथताईंनी तिला हात वर करायला सांगितलं. हेमांगीने ते बघितलं आणि ओळखलं. खांदा आधी कानाला टेकला, मान कलली, कंबर वाकली. हात छातीच्या वर गेला नाही.

"असं किती दिवस आहे?" रूथताईंनी विचारलं.

"लय दिस झाले. मोळी उचलून उचलून." उषाबाईने हेमांगीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाई, तुमी घालून बघितली म्हनं ती बाही?"

"हो."

"खरंच दुखत नाई?"

आसपासच्या बायका जवळ सरकल्या. भणगेही तिच्याकडे बघत होता. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"अजिबात दुखत नाही," हेमांगी म्हणाली.

"मग काढून कशापायी ठिवली?"

हेमांगीने सांगितलं. कोपराचं सांगितलं, मनाने लिहिलेल्या वहीचं सांगितलं. आरशातला हात, सखूचा खूर, काही लपवलं नाही. दुखणं बंद झालं तरी आतली खराबी चालूच राहते, म्हणून ही दिवसातून तासभरच घालायची, बाकी वेळ हाताला विश्रांती द्यायची, रोज थोडा व्यायाम करायचा आणि जास्त दुखलं की थांबायचं, असं सोपं करून सांगितलं. रूथताईंनी ओणवं होऊन लंबकाचा व्यायाम करून दाखवला. बायका हसल्या नाहीत. दोघीतिघींनी तिथल्या तिथे करून बघितला. उषाबाई मन लावून ऐकत होती.

"तुमी थांबला होता तवा किती दिस घरी व्हता?" तिने विचारलं.

"दीड महिना. अजूनही अर्धवेळच काम करते."

"दीड महिन्यात आमची टोळी दोन गावं बदलती," उषाबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती हिशोब समजावून सांगत होती. "नवरा-बायकोच्या जोडीतलं एक मानूस बसलं की दुसऱ्याचंबी काम बंद. मग मुकादम दुसरी जोडी बघतो."

"कारखान्यानं सक्ती केलेली नाही, मॅडम," भणगे हळूच म्हणाला. "यांनीच मागितल्यात."

"व्हय, आमीच मागितल्यात," उषाबाई म्हणाली. तिने पदर खोचला आणि उजवा हात रूथताईंपुढे धरला. रूथताईंनी फीत तिच्या दंडाभोवती घातली, पण आकडा सांगितला नाही. त्या हेमांगीकडे बघत होत्या.

"तुमचं समदं पटलं, डॉक्टरीणबाई," उषाबाई म्हणाली. "तासभर घालू, काढून ठिवू. पन तुमी काढली तवा घरी बसलात. आमी काढून बसायचं कुठं, तेवढं सांगता का?"